हात मोडला म्हणून पोरीचा खेळ मोडू नका

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. थोडी कोरडवाहू शेती, एक म्हैस. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी खांबाजवळ सूर मारताना पडली आणि डाव्या हाताचं मनगटाच्या वरचं हाड मोडलं. पाच आठवडे प्लास्टर होतं. आता हात बरा आहे, एक्स-रे चांगला आलाय असं हाडाचे डॉक्टर म्हणाले.

पण दिवाळीनंतर हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर आलं. सासूबाईंना न्यायचं होतं, सोबत हिलाही नेलं. टाचेला मशीन लावलं आणि चिठ्ठी दिली : टी-स्कोअर उणे २.६, हाडे ठिसूळ. माझ्या पायाखालची वाळूच सरकली. सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, पाठीला पोक आलंय. त्या म्हणतात, ‘पोरले आते खेळाले नको धाडू.’ मी खेळ बंद केला. मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, ड जीवनसत्त्वाची साठ हजारची एक पावडर आठवड्याला देते, तीन महिने झाले. दूध तिला आवडत नाही, चहा पिते. म्हशीचं दूध डेअरीला जातं, एक पेला मुलासाठी ठेवते. जाऊबाई म्हणतात चुना दे, नणंद म्हणते केळी दे.

आता शाळेतून एक कागद आलाय. मुलांच्या हाडांवर संशोधन करायचंय, रक्त घेणार, शहरात नेऊन मशीनवर तपासणार, पालकांची सही हवी. गल्लीतल्या बायका म्हणतात, पोरांवर प्रयोग करतात, सही करू नको. मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. हिची हाडं सासूबाईंसारखीच होणार का? खेळ बंद केला ते बरोबर ना? आणि सही करू का? एवढं सांगा.

— एक आई

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी ती चिठ्ठी बाजूला ठेवा. तिच्यावर लिहिलेला आकडा तुमच्या मुलीला लागूच होत नाही.

टी-स्कोअर म्हणजे काय, तर तपासलेल्या माणसाच्या हाडांची तिशीच्या आसपासच्या धडधाकट माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. सासूबाईंसाठी ती तुलना बरोबर आहे, कारण त्यांनी तरुणपणी किती हाड कमावलं आणि त्यातलं किती गेलं हे बघायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीचं हाड अजून बांधून व्हायचंय. तिला तिशीच्या बाईशेजारी उभं केलं तर ती उणीच भरणार, अगदी ठणठणीत असली तरी. मुलांची तपासणी करायची झाली तर झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना. त्यातही मूल वयाच्या मानाने बुटकं असेल तर उंचीचा हिशोब धरावा लागतो. हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट म्हटलंय की मुलांच्या अहवालात टी-स्कोअर छापूच नये. शिवाय मुलांसाठी ठरलेली तपासणी डेक्सा नावाच्या मशीनवर होते, कंबरेच्या मणक्यांची आणि डोकं वगळून बाकी अंगाची. टाचेला लावतात ते अल्ट्रासाउंडचं यंत्र असतं. त्यावरून मुलाची हाडं ठिसूळ आहेत असं कुणीही ठरवू नये. शिबिरं भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांना त्या रांगेत घेऊ नका. त्या एका चिठ्ठीने या घरात काय झालं ते वर छापलंय.

मग हात मोडला कसा? यावर फार चांगलं संशोधन झालेलं आहे. कॅनडातल्या सस्काचेवान विद्यापीठाने १९९१ पासून शाळकरी मुलं घेतली आणि तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजली. एकदा मोजून सोडून दिली असती तर जे कळलं नसतं ते त्यातून कळलं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती बाराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची तेराव्याच्या पुढे. हाडांत खनिज सर्वांत वेगाने भरायला लागतं ते मात्र त्यानंतर काही महिन्यांनी, मुलींमध्ये साधारण साडेबाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षी. दादर ज्वारीचं कणीस निसवतं तेव्हा त्यात दाणा भरलेला नसतो, तसंच हे आहे. मधले ते काही महिने हाड लांब झालेलं असतं, पण भरलेलं नसतं. नेमकं याच वयात मुलं झाडावर चढतात, सायकल पळवतात, खांबाजवळ सूर मारतात. त्यामुळे मनगटाच्या वरचं हाड मोडण्याचं प्रमाण या वयात सर्वांत जास्त असतं, आपल्याकडे आणि जगभर. युरोपातल्या पाहण्यांत वयाची अठरा वर्षं पुरी होईपर्यंत साधारण तिघींतल्या एकीचं आणि दोघांतल्या एकाचं कुठलं ना कुठलं हाड मोडलेलं असतं. जोरात धावत असताना मैदानावर पडून एकदा हात मोडणं हा आजार म्हणता येत नाही.

त्याच कॅनडाच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या काळाच्या आसपासच्या फक्त दोन वर्षांत जमा होतो. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे. म्हणजे ती दोन वर्षं आत्ता चालू आहेत, आणि आपण तिला घरात बसवून ठेवलंय.

म्हणून खेळाबद्दल माझं उत्तर सरळ आहे. खेळ सुरू करा. हाडाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ‘खेळायला हरकत नाही’ असं त्यांच्या तोंडून ऐका, कारण मोडलेल्या जागी पहिले काही महिने पुन्हा मोडायची भीती थोडी जास्त असते. सुरुवात धावण्याने आणि दोरीच्या उड्यांनी करू दे, मनगटात पूर्ण जोर आला की मग खांबाजवळचे सूर. तिच्या क्रीडाशिक्षकांना हे सांगून ठेवा. सूर शिकवताना खाली माती भुसभुशीत करून घेतली, आधी गादीवर सराव करून घेतला, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

हाडाला जोर लावल्याशिवाय हाड घट्ट होत नाही, आणि हा जोर कोवळ्या वयात जितका कामी येतो तितका पुढे कधीच येत नाही. फिनलंडच्या संशोधकांनी टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले, खेळायचा हात आणि दुसरा हात. त्यांचं काम १९९५ साली प्रसिद्ध झालं. माणूस तोच, जेवण तेच, आई-बाप तेच, तरी खेळायच्या हाताचं हाड जास्त भरलेलं निघालं. आणि ज्या पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागल्या त्यांच्या दोन हातांतला फरक, पाळीनंतर पंधरा वर्षं उलटून गेल्यावर खेळायला लागलेल्या बायकांच्या दुपटी-चौपटीने जास्त होता. कॅनडातच व्हँकुव्हरकडच्या शाळांत आणखी साधा प्रयोग झाला : शाळेची घंटा झाली की मुलांनी जागेवर दहा उड्या मारायच्या, दिवसातून तीन वेळा. आठ महिन्यांत मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात, म्हणजे सासूबाईंचं मोडलं त्याच भागात, उड्या मारणाऱ्या मुलांचं हाड बाकीच्यांपेक्षा जास्त भरलं. या सगळ्याला काही पैसा लागला नाही.

आपल्याकडे तर खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीच्या उड्या हे सगळं आहेच. खो-खोत बसायचं, झटक्यात उठायचं, वळायचं, पाय आपटून थांबायचं, पुन्हा सुटायचं. मुलींच्या हाडांसाठी कुणी खेळ मुद्दाम तयार केला असता तर तो याहून वेगळा झाला नसता असं मला मनापासून वाटतं. सायकल आणि पोहणं छातीला, दमाला चांगलं, पण त्यात हाडावर आदळ बसत नाही, म्हणून हाडांसाठी त्यांचा उपयोग कमी. आणि ज्या शाळांत आठवीनंतर मुलींचा खेळाचा तास गुपचूप गणिताला दिला जातो, तिथल्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन तो मागून घ्यावा.

आता सासूबाईंसारखं होणार का? हाडांची ताकद बरीचशी आई-बापांकडून येते हे खरं आहे. माणसामाणसांतल्या हाडांच्या फरकाचा ६० ते ८० टक्के भाग आनुवंशिक असतो असं अभ्यास सांगतात. पण उरलेला जो भाग आहे तो जेवण, खेळ आणि ऊन यांच्या हातात असतो, आणि त्यातला मोठा हिस्सा याच वयात मिळवायचा असतो. आजीचा खुबा मोडला, ही नातीने मैदानावर जास्त वेळ घालवावा याची खूण समजा.

जेवणाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचंय. घरात म्हैस आहे, आणि तिच्या दुधाचा एक पेला मुलासाठी राहतो. मुलीला दूध आवडत नाही असं तुम्ही लिहिलंय. तिला ते कधीपासून आवडत नाही, हे एकदा आठवून बघा. खानदेशात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत मुलीची नावड पेला बाजूला गेल्यानंतरची असते. तुमच्याकडे तसं नसेलही. पण दहा वर्षांच्या मुलाची हाडं भरायची वेळ अजून तीन-चार वर्षांनी येणार आहे आणि मुलीची आत्ता आलीय, म्हणून डेअरीला जाण्याआधी दोन पेले बाजूला निघाले पाहिजेत. दूध नकोच म्हणाली तर दही लावा. वाटीभर घट्ट दही भाकरीसोबत जातं. ताकही चालेल, फक्त एका वाटी दह्यात तांब्याभर पाणी ओतलेलं ताक हिशोबात धरू नका.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १० ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १३ ते १५ वर्षांच्या मुलांना १००० मिलिग्रॅम. तुमच्या घरचं रोजचं ताट धरून बघू या. ज्वारीच्या तीन भाकरींत सगळं मिळून पन्नास-साठ मिलिग्रॅम. तुरीच्या वरणातून थोडं. चहातल्या चमचा-दोन चमचे दुधातून नावापुरतं. दिवसाला तीनशेही भरत नाही. यात दोनशे मिलिलिटरचा एक पेला दूध आला की २४० च्या आसपास वाढतात, वाटीभर दह्याने जवळपास पावणेदोनशे. नागलीच्या पिठात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या जवळ असतं, म्हणजे एक मध्यम भाकरी दोनशेची. साक्री, नवापूरकडची नागली बाजारात आली की ती भरून ठेवा, आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारीबरोबर होऊ दे. शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर असतं आणि तो तर बांधावर फुकट उभा आहे. चिरून पिठल्यात, वरणात, थालीपिठात घाला. तिळात कॅल्शियम भरपूर, हजाराच्या पुढे, पण त्यातलं बरंच टरफलात बांधलेलं असतं, सगळं अंगी लागत नाही. तरी भाजून केलेली तिळाची चटणी ताटात रोज हवीच.

पालकाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. दुधातलं जवळजवळ तीस टक्के अंगी लागतं, पालकातलं पाच टक्के. त्यापेक्षा मेथी आणा. धान्यांतही फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम अडवतं. धान्य भिजवलं, आंबवलं, मोड आणले की ते कमी होतं. आपल्या आज्यांनी बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून आंबवली, त्यात हाही फायदा होता. कळण्याची भाकरीही चांगली, अख्ख्या उडदामुळे तिच्यात नुसत्या ज्वारीपेक्षा कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही जास्त येतात. प्रथिनांना कमी लेखू नका. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो, खनिज त्यावर बसतं. डाळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, आणि मूल हडकुळं राहणार नाही एवढं पोटभर जेवण. वजन न वाढणाऱ्या मुलीची हाडंही भरत नाहीत.

नणंदेला सांगा, केळी जरूर दे, जळगावची केळी आपला अभिमान आहे, पण शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते हाडांचं औषध म्हणून देऊ नये. आणि जाऊबाईंचा चुना तर अजिबात नको. चुना दाहक असतो, त्याचं माप कुणाला कळत नाही, आणि चुन्याची डबी हाताळताना डोळ्यांत उडून मुलांची बुबुळं जळाल्याच्या घटना डोळ्यांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत.

आता त्या पावडरीकडे येऊ. ती लगेच बंद करा.

साठ हजार युनिट आठवड्याला म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले. तुमच्या मुलीची रोजची गरज ६०० युनिटची आहे. ही पावडर ड जीवनसत्त्वाची कमतरता सिद्ध झाली तर डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात आणि मग थांबवतात. मेडिकलच्या काउंटरवरून महिनोन्‌महिने चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, सुस्ती यातलं काहीही तिला होत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. काही होत नसेल तरी किती पुड्या झाल्या ते त्यांना मोजून सांगा. रिकामी पाकिटं टाकली नसतील तर सोबतच न्या.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे आहे हे मी नाकारत नाही. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये ती सापडली. पण पुडी देऊन मुलांची हाडं मोडायची थांबतात का, हे मंगोलियात तपासलं गेलं. तिथे मुलांमध्ये कमतरता प्रचंड. साडेआठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला ड जीवनसत्त्व किंवा नुसती बिनऔषधाची गोळी दिली. हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांचंही बरंचसं तसंच आहे. १९ चाचण्या, २८५९ मुलं, असा सगळा हिशोब २००६ साली एकत्र मांडला गेला. निरोगी मुलांमध्ये फायदा अगदी थोडा दिसला, हाडं मोडणं त्याने कमी होईल असं वाटण्याइतका नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. त्या चाचण्यांतली बरीच मुलं दूधदुभतं खाणाऱ्या देशांतली होती. जिथे ताटातच कॅल्शियम नाही तिथे गोष्ट वेगळी होते. नायजेरियात रखरखीत ऊन असूनही मुलांना मुडदूस होत होता. १९९९ साली तिथल्या संशोधनातून कळलं की नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियम दिल्यावर ती मुलं जास्त चांगली सुधारली. ऊन भरपूर आणि ताट कोरडं, हे चित्र आपल्यापासून फार लांबचं नाही. पुण्यात गरीब वस्तीतल्या अगदी लहान मुलांना कॅल्शियम मिसळलेले लाडू देऊन पाहिलं, २०११ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं, आणि त्या मुलांच्या हाडांत खनिज जास्त भरलं. म्हणजे तुमच्या मुलीच्या ताटात खरंच काही बसत नसेल तर डॉक्टर थोडं कॅल्शियम जेवणासोबत देतीलही. पण ते त्यांनी ठरवावं, कारण गॅम्बियातला अनुभव विचारात पाडणारा आहे. तिथे दिवसाला जेमतेम तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळणाऱ्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांना वर्षभर हजार मिलिग्रॅमची भर घातली. हाडांत खनिज वाढलं. पण त्या मुलग्यांची उंचीची झेप काही महिने लवकर आली, वाढ लवकर थांबली, आणि तरुण झाल्यावर ते बाकीच्यांपेक्षा साधारण साडेतीन सेंटिमीटरने बुटके राहिले. ‘गोळीने काय बिघडतंय’ असं म्हणून मुलांना काहीही चालू करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. उंची वाढवणाऱ्या डब्यांबद्दल तर मी वेगळं लिहीत नाही.

उन्हाचं थोडक्यात सांगते. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यातून ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. आपल्या भागात मे महिन्यात साडेनऊ-दहालाच तशी सावली होते, तेव्हा त्या वेळी थोडा वेळ पुरे. ४४-४५ अंशांच्या दुपारी मुलांना उभं करायचं नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीच सावली आखूड होते, त्यामुळे हिवाळ्यात मधल्या सुट्टीत मैदानावर जाणं सर्वांत सोपं. स्कार्फ, लांब मोजे, पूर्ण बाह्यांचा गणवेश, असं सगळं अंग झाकून शाळेत जाणाऱ्या मुलींना आपल्या उन्हाचा काही फायदा होत नाही. हात कोपरापर्यंत आणि तोंड उघडं राहिलं तरी चालेल.

डेक्सा तपासणी खरंच कधी लागते, तेही सांगते. मणक्याचं हाड फारसं न लागता चेपलं असेल, किंवा हातापायांची लांब हाडं दहा वर्षांच्या आत दोनदा वा एकोणीस वर्षांच्या आत तीनदा मोडली असतील, तर नीट तपास हवा. साध्या ठेचेने हाड मोडणं, पाय धनुष्यासारखे वाकणं, मनगटं रुंद दिसणं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असणं, घरात लहानपणी बऱ्याच जणांची हाडं मोडलेली असणं, बराच काळ स्टिरॉइड किंवा फिटची औषधं चालू असणं, ही कारणंही तशीच आहेत. आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, नंदुरबार-धुळे-चोपडा-यावलकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मी प्रत्येक वेळी लिहिते : मुलाची हाडं, सांधे वारंवार ठणकत असतील, अंग पिवळट दिसत असेल, तर कॅल्शियम आणण्याआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेलच्या दुखण्यावर हाडाच्या गोळ्या देत बसलेली मुलं पाहून फार वाईट वाटतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तिला आत्ता आणखी कुठल्या तपासणीची गरज मला दिसत नाही.

राहता राहिला शाळेतून आलेला कागद. गल्लीतल्या बायकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, विचारल्याशिवाय सही करू नये हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण वर मी तुम्हाला जे जे ठामपणे सांगितलं ते कुणाच्या तरी आई-बापाने असाच कागद वाचून सही केली म्हणून कळलं. आपल्या तापीकाठची, भाकरी खाणारी, शेतात आई-बापाला हात लावणारी मुलं कुणी मोजली नाहीत तर त्यांची हाडं कायम दुसरीकडच्या मुलांच्या मापाने मोजली जातील. म्हणून माझा कल सही करण्याकडे आहे, पण आधी शाळेत जाऊन त्या माणसांना भेटा.

त्यांना विचारा, हे नुसतं मोजणं आहे की मुलांना काही औषध, गोळी, लाडू देऊन बघणार आहात? नुसतं मोजणं असेल तर धोका फार थोडा. काही देणार असतील तर ते काय, किती दिवस, आणि त्रास झाला तर जबाबदारी कुणाची, हे कागदावर मराठीत लिहिलेलं हवं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, तिचा क्रमांक कोणता? रक्त किती मिलिलिटर घेणार? डेक्साच्या किरणांना घाबरू नका, एका दिवसात निसर्गातून आपल्या अंगावर पडतात त्याहून साधारणपणे कमीच असतात. तपासणीचा निकाल पालकांना मिळणार का, आणि काही कमी निघालं तर पुढे कुठे पाठवणार, हे नक्की विचारा. निकाल हातात न देणाऱ्यांना मी माझं मूल दिलं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी शाळेच्या कागदावर बहुधा लहान अक्षरांत असते. हाडांचा अभ्यास करताना मूल वयात किती आलंय हे नोंदवावं लागतं, त्यासाठी पाळीबद्दल विचारतात आणि कधी कधी अंग तपासतात. ते बाई डॉक्टरच करणार का, आडोशाला करणार का, तुम्ही सोबत असाल का, हे आधी ठरवून घ्या. तेवढ्या एका भागाला नकार देऊन बाकीच्यात भाग घेता येतो का, तेही विचारा. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे शाळेत किंवा दवाखान्यात तिचं काही अडू शकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तुमच्या मुलीच्या वयाला तिची स्वतःची लेखी संमतीही लागते. म्हणून तो कागद आधी तिला वाचायला द्या. ती हो म्हणाली तर दोघींनी सह्या करा. ती नाही म्हणाली, तर तुमची कितीही इच्छा असली तरी कागद कोराच परत पाठवा.